परिशिष्ट अ : कुंकवाची कृती

मेस्त्री मॅडम घावन खायच्या आधी त्यातून पलीकडे बघतात. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, खिडकीसमोर उभं करून, एक डोळा मिटून. कॅन्टीनमधला वाढपी नवा असेल तर त्याला वाटतं बाईंना केस सापडला. तो धावत येतो. मॅडम म्हणतात, "केस नाही रे. जाळी बघतेय. डावीकडे दाट पडलीय, उजवीकडे विरळ. तवा कलतोय तुझा." मग आचारी तव्याखाली बघतो, शेगडीचा एक पाय खरोखरच आखूड निघतो, आणि पुढच्या बुधवारपासून मॅडमचं घावन वाढपी स्वतः निवडून आणतो.

मी सुधाकर दळवी. मुंबईच्या पार दक्षिण टोकाला एक संशोधन संस्था आहे, तिच्या स्टोअर्समध्ये मी काम करतो. हातमोज्यांच्या खोक्यापासून केसाएवढ्या सोन्याच्या तारेपर्यंत सगळं माझ्या खिडकीतून आत जातं. विज्ञानाशी माझा संबंध तेवढाच, पण आमचे पाच-पन्नास शास्त्रज्ञ माझ्या खिडकीशी ताटकळत उभे राहतात म्हणून मी स्वतःला कमी समजत नाही.

डॉ. सुनंदा मेस्त्री त्या पन्नासातल्या एक. वय साठीला टेकलेलं, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला ऐकू जाणारा. लग्न केलं नाही. राहायला आमच्याच लालबागला, दोन चाळी सोडून. बारा वर्षं आम्ही एकाच बसने जात-येत होतो. ऑफिसात मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला दळवी म्हणायच्या. बसमध्ये चढलो की त्या ताई व्हायच्या आणि मी सुधाकर. हे आम्ही कधी ठरवलं नाही, आपोआप होत गेलं.

छिद्र दिसलं की बाईंचा पाय तिथेच थबकतो. लालबागच्या भांड्यांच्या दुकानात शिरतील, सगळ्या चाळण्या काढायला लावतील, पर्समधून भिंग काढून एकेक तपासतील आणि म्हणतील, "ओळ चुकलीय." दुकानदार म्हणतो, "बाई, रवा चाळायचाय की आरती ओवाळायचीय?" शेवेच्या सोऱ्याच्या चकत्या, वेताच्या खुर्च्या, जिन्यातल्या सिमेंटच्या जाळ्या, काही सुटत नाही. एका लग्नात त्यांनी नवरीच्या शालूकडे न बघता मागच्या पडद्याच्या जाळीकडे इतका वेळ बघितलं, की मुलाकडच्यांना वाटलं पडद्यामागे कोणीतरी लपलंय.

आणि त्यांचा तो एक ठरलेला शब्द. "पसरू नकोस." कोणी मुद्द्यावर यायला वेळ लावला की झालंच. शिपाई असो, विभागप्रमुख असो, "पसरू नकोस" किंवा "पसरू नका". एकदा बसमध्ये एक गृहस्थ आपल्या मुतखड्याची हकिगत सांगत होते. मॅडम म्हणाल्या, "पसरू नका. पडला की नाही तेवढं सांगा." ते गृहस्थ भायखळ्यालाच उतरले.

हे पसरण्याचं प्रकरण काय आहे ते मला बसमध्येच कळलं. मॅडम ज्याच्या मागे होत्या त्याचं नाव फोटॉनिक क्रिस्टल सरफेस एमिटिंग लेसर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, ताई, एवढं नाव छापायला खोकं मोठं लागेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तू जाळीचा लेसर म्हण."

"साधा लेसर असतो ना, सुधाकर, चिपवरचा, तो कडेतून उजेड टाकतो. दाराच्या फटीतून. बाहेर पडला की पसरला. मग त्याला आवरायला पुढे भिंग लाव, भिंग नीट बसवायला माणूस लाव. माझा लेसर कडेतून देणार नाही. अख्ख्या अंगातून, सरळ वर देणार. गोल, न पसरता. भिंग नको, काही नको."

"पण तो सरळ का जाईल?"

"आत जाळी आहे म्हणून. जिथे उजेड तयार होतो त्या थराला लागूनच बारीक छिद्रांची जाळी. केसाच्या जाडीत ओळीने दोन-अडीचशे बसतील इतकी बारीक. उजेड त्यात चारी दिशांना धावतो, छिद्राछिद्रावर आपटून परत फिरतो. जाणारा येणाऱ्याला भेटतो, आणि भेटता भेटता सगळ्यांचा ठेका एक होतो. लेझीम बघितलंयस ना? दोनशे पोरं, ठेका एक. तसा ठेका जमला की तीच जाळी त्याला वर उसळवते."

कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबून ऐकत होता. त्याने विचारलं, "आणि मंडळ मोठं असेल तर? मागचे चुकतात ना."

मॅडम सीटवरून अर्ध्या उठल्या. "बरोबर, अगदी बरोबर विचारलंत. चिप मोठी केली की ठेका चुकतो. म्हणून जाळीत दुसरी जाळी घालायची, पाव पावलाने सरकवून. एकीचा गोंधळ दुसरी खाऊन टाकते. ही युक्ती माझी नाही हो, जपानातल्या लोकांची. पण छिद्रांचा आकार माझा." त्या दिवशी आमचा स्टॉप मागे पडला आणि आम्ही तिघेही डेपोपर्यंत गेलो, त्यातल्या एकालाच तिथे जायचं होतं.

आता एवढ्या बारीक छिद्रांचा शत्रू कोण, तर धूळ. मॅडमच्या प्रयोगशाळेत गाळलेली हवा, पायात पिशव्या, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी. पावडर लावलेली चालत नाही, काजळ चालत नाही, कुंकूही चालत नाही. त्यामुळे तीस वर्षांत मॅडमच्या कपाळाला कुंकू लागलं नाही. चाळीतल्या हळदीकुंकवाला त्या जायच्या, पण बायका बोट पुढे करत आल्या की दोन पावलं मागे सरून म्हणायच्या, "मला नुसतं वाण द्या." यावर चाळीत काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. आधीच बिनलग्नाची, त्यात शिकलेली, त्यात कपाळ मोकळं. लोकांना आणखी काय हवं असतं?

प्रयोगशाळेत अगरबत्ती नाही, झेंडू नाही, नारळ तर नाहीच. नवं यंत्र आलं की बाकीच्या विभागांत नारळ फुटायचा. मॅडमकडे यंत्र आलं की मॅडम ते पुसायच्या.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. मॅडमच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि ज्यांच्यावर जाळी पाडून मग चिपा कापायच्या त्या तीन चकत्यांतली एकच उरली होती. छिद्रं पाडणं एक वेळ जमतं, कठीण असतं ते झाकणं. वरून दुसरा थर उगवायचा, पण छिद्रं बुजता कामा नयेत, आत हवा राहिली पाहिजे. पहिल्या चकतीची छिद्रं पुरणपोळीसारखी गच्च भरली. दुसरी तडकली. तिसरी छिद्रं पाडून घ्यायला बंगळूरला गेली होती. ती परत आली की आमच्याकडच्या यंत्रात तिच्यावर थर चढणार. जमलं तर जमलं. चौथ्या चकतीला ना वेळ होता, ना मंजुरी. मॅडमना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार असं सगळेच म्हणत होते, फाइल वर गेली होती, पण हाती कागद आला नव्हता. त्या बसमध्ये गप्प बसू लागल्या. समोरच्या बाईच्या लेसच्या ब्लाऊजकडेसुद्धा बघेनात, तेव्हा मी घाबरलो.

माझंही त्याच वर्षी काहीतरी व्हायचं होतं. बारा वर्षं मी कंत्राटावर होतो. यंदा कायम होणार, यादीत नाव आलं होतं.

चकती आली नेमकी खंडेनवमीला. आमच्या स्टोअर्सची पूजा म्हणजे बघण्यासारखी असते. पाने, पकडी, वजनकाटा, ट्रॉली, कॉम्प्युटर, सगळ्यांना हार, सगळ्यांना हळदकुंकू. कुंकू आमच्या घरचं, कणकवलीजवळच्या गावाहून आई दर वर्षी डबा भरून पाठवते. शेजारच्या वर्कशॉपमधले चौघे आले होते, आरती झाली होती, पेढे वाटत होतो, आणि कुरियरवाला खोकं घेऊन दारात उभा राहिला. वर मॅडमच्या अक्षरात लाल शाईने लिहिलेलं, 'उघडू नये'.

मी काय केलं ते सरळ सांगतो. खोक्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि मनात आलं, हे खोकं तर उद्या भंगारात जाणार. देवाने आशीर्वाद द्यायचा आणि तो पुठ्ठ्याने घ्यायचा? खोकं उघडलं. आत सीलबंद पिशवी. ती पण कचऱ्यात जाणार. पिशवी कापली. आत गोल प्लॅस्टिकची डबी. म्हटलं एवढ्या लांब आलोच आहे तर चकतीपर्यंत पोचू दे. झाकण बोटभर उचललं आणि आतल्या बाजूला, चकतीच्या बरोबर वर, चिमूटभर कुंकू टेकवलं. चकतीला हात लावला नाही. तेवढी अक्कल मला होती, असं मला तेव्हा वाटलं.

मग डबी देवासमोर ठेवून मी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे शुभकार्याला घालतात तसं, गावच्या देवाला हाक मारून.

"बा देवा म्हाराजा, आज हय आमच्या सुनंदा मेस्त्री मॅडमान जी काय चकती बनवल्यान हा, तिच्या जाळयेत काय वाकडानाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा."

वर्कशॉपचे चौघे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"तिचो उजेड न पसरता सरळ जाव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि सुनंदा मेस्त्री ह्या नावाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." त्यातल्या एकाला चकती म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सर्वात मोठा आवाज त्याचाच होता. मी डबी नव्या पिशवीत घातली, चिकटपट्टी लावली आणि आत पोचवली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती, मी दोनदा श्रीखंड खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "दळवी, वर ये."

मॅडम सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या होत्या. पडद्यावर चकती मोठी करून दाखवली होती आणि तिच्यावर लाल दगडधोंडे पडले होते. गावाकडच्या नदीत पावसाळ्यानंतर दिसतात तसे. मॅडमनी त्यातल्या एका धोंड्यावर पेन टेकवलं. "ह्या एका कणाखाली माझी हजारभर छिद्रं आहेत."

मी सगळं सांगून टाकलं. पाने, पकडी, खोकं, पिशवी, झाकण, गाऱ्हाणं, अगदी शब्दन् शब्द. "पसरू नकोस" म्हणतील म्हणून वाट बघत होतो. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला, आणि गाऱ्हाण्यापर्यंत आलो तेव्हा त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"कुंकू कुठलं?"

"घरचं. आई करते."

"कशाचं करते?"

मला काय माहीत? जन्मभर लावत आलो, कशाचं असतं ते कधी विचारलं नाही. मॅडम ताडकन उठल्या. आता त्यांच्या डोळ्यांत तीच चमक होती, चाळणी हातात घेतल्यावर येते ती. "बाजारचं असतं तर मेलो होतो, कसला रंग कोण जाणे. घरचं असेल तर ते कशात विरघळतं ते शोधता येईल. लाव फोन आईला."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"कोण गे बाय?" आई म्हणाली.

"मी सुधाकराच्या हापिसातली. मेस्त्री."

"खयचे मेस्त्री?"

"मालवणाकडले, कट्ट्याचे."

"मगे आधी सांगूक नको? बोल."

मी मॅडमना बारा वर्षांत मालवणी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी कुंकवाची कृती विचारली. आईने सांगितली. "हळकुंडा लिंबाच्या रसात भिजत घालूची. तुरटी घालूची, टाकणखार घालूचो, अंदाजान. मगे सावलेत सुकवूची आणि कुटूची. उन्हात नाय हा, उन्हात रंग जाता."

"अंदाजान म्हणजे किती?"

"अंदाजान म्हणजे अंदाजान. तू कधी कुंकू करूक नाय?"

"नाय."

"मगे हापिसात दिवसभर काय करतस?"

मॅडम अडखळल्या. मोठमोठ्या परिषदांत न अडखळलेली बाई. मग म्हणाल्या, "चकते करतंय. त्येंका बारीक बारीक भोकांची जाळी असता. उजेड वर येवक."

"घावन्यासारखी?"

मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "होय गे, घावन्यासारखीच. तीस वर्षा मी लोकांका ह्याच सांगतंय."

फोन चाळीस मिनिटं चालला. त्यातली कुंकवाची पाचच. उरलेल्या वेळात कट्ट्याचा बाजार, कोणाची सून कोण, तिरफळ यंदा किती धरली, सगळं झालं. मी घड्याळ बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, आता तुम्ही किती पसरलात.

फोन ठेवला आणि मॅडम कामाला लागल्या. हळदीचा रंग अल्कोहोलात सुटतो. तुरटी आणि टाकणखार कोमट पाण्यात. हळदीचे राहिलेले तंतू जाळून टाकायचं एक यंत्र आहे, ते त्यांच्याकडेच होतं. दोन दिवस त्या धूत होत्या आणि तपासत होत्या. एक कोपरा गेला. बाकीची चकती लखलखीत निघाली, मला तरी तशी दिसली.

पण थर चढवायचं यंत्र ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी हात जोडले. कुंकू लागलेली चकती आत घालणार नाही, यंत्र नासलं तर सहा महिने सगळ्यांची कामं बंद. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिघांची समिती बसली. मॅडमनी कागद पुढे केले: धुण्याआधीचे फोटो, धुतल्यानंतरचे फोटो, आणि शेवटी टाइप केलेलं, 'परिशिष्ट अ : कुंकवाची कृती'. प्रमाणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अंदाजाने'.

विभागप्रमुखांनी ते दोनदा वाचलं. "हे ठीक आहे. चकती आत घालायला हरकत दिसत नाही. पण हे कोणामुळे झालं ते लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही. खोकं कोणी उघडलं?"

मला साक्षीला बोलावलं होतं. मी कोपऱ्यात उभा होतो. यादीतलं माझं नाव डोळ्यांसमोर आलं, धाकटीची शाळा आली, तरी मी तोंड उघडलं. "साहेब, ते..."

"दळवी, पसरू नकोस," मॅडम म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, "खोकं मी उघडलं. पूजा मी केली."

"तुम्ही?"

"मी."

तिघेही मॅडमच्या कपाळाकडे बघत होते. मोकळं, तीस वर्षं मोकळं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, तुम्ही नारळसुद्धा फोडू देत नाही."

"वय झालं की देव आठवतो. लिहून घ्या, मी सही करते."

त्यांनी सही केली. मी गप्प राहिलो. आजही मला त्याची लाज वाटते, ती इथे लिहून ठेवतो. मनाची समजूत घातली की एवढ्या मोठ्या बाईला कोण काय करणार, चार दिवस हसतील आणि विसरतील.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. चकती यंत्रात गेली. बाहेर आली. मॅडमनी एक तुकडा कापून छेद बघितला आणि मला स्टोअर्सच्या खिडकीत येऊन फक्त एवढं सांगितलं, "आत हवा आहे." मी सगळ्या वर्कशॉपला ओरडून सांगितलं, आत हवा आहे. कुणाला काही कळलं नाही, पण चहा सगळ्यांनी घेतला.

मग चिपा कापल्या, तारा जोडल्या, आणि निवृत्तीला सहा दिवस उरले असताना तपासणी सुरू झाली. मी हातमोज्यांचं खोकं द्यायला गेलो आणि परत आलोच नाही. मला काळा चष्मा घालून उभं केलं. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. एक खास कार्ड असतं, त्याच्यावर पडला तर हिरवा ठिपका उमटतो. कार्ड धरायला मोकळ्या हातांचा माणूस हवा होता. मॅडमचा एक हात करंटच्या बटणावर होता, दुसरा वहीवर.

पहिली चिप गप्प. दुसरी गप्प. तिसरीने नुसतीच धुकट पुटपुट केली. चौथी, पाचवी, सहावी कोपऱ्याजवळच्या, म्हणजे माझ्या कुंकवाच्या. त्या मेलेल्याच होत्या. सातवी जळाली. आठवी लावली, झटक्याझटक्याने करंट वाढवत नेला. कार्ड काळंच. अजून वाढवला. काळंच. अजून थोडा.

आणि कार्डावर हिरवा ठिपका बसला.

टिकलीएवढा. गोल. कंपास घेऊन काढावा तसा गोल.

"मागे सर," मॅडम कुजबुजल्या. "कार्ड समोर धर आणि मागे मागे जा. हळू."

मी एक पाऊल मागे सरलो. ठिपका तिथेच. आणखी दोन. ठिपका तेवढाच. मधे एक भिंग नाही, काही नाही. मॅडम माझ्याबरोबर बाजूने चालत होत्या, नजर कार्डावर, ओठ हलत होते. त्यांचे दोन विद्यार्थी मागून येत होते. ती खोली चाळीच्या दोन खोल्यांएवढी लांब. साध्या लेसरचा उजेड तेवढ्यात अख्ख्या भिंतीभर झाला असता. माझी पाठ भिंतीला टेकली तेव्हा कार्डावरचा ठिपका कोटाच्या बटणाएवढा होता. गोलच.

"पसरला नाही," मी म्हणालो.

"नाही पसरला," मॅडम म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की खालच्या मजल्यावरून शिपाई धावत आला. विद्यार्थ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मॅडमनी कुणालाच मिठी मारली नाही. त्या भिंतीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून भिंतीपर्यंत चालत राहिल्या, सात-आठ वेळा, त्या न दिसणाऱ्या रेषेच्या कडेकडेने, आणि दर वेळी म्हणत होत्या, "जगात झालंय रे हे. आपल्या हातून झालं नव्हतं." मी तर रडलोच. काळ्या चष्म्याचा तेवढा फायदा.

सहा दिवसांनी मॅडम निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. मुदतवाढीचं काय झालं असं कोणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "मलाच नको होती. कंटाळा आला." मला ते पटलं नाही, पण मोठ्या माणसांची मनं आपल्याला काय कळणार? पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पेढे घेऊन त्यांच्याकडे जायचं मनात होतं, आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं. बसमध्ये शेजारची सीट रिकामी ठेवायचो आणि कोणी बसलं की मला उगाच राग यायचा.

एका रविवारी आईला फोन केला. दोनदा एंगेज लागला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा विचारलं, कोणाशी एवढं बोलत होतीस?

"सुनंदाशी."

"कोण सुनंदा?"

"तुझी मेस्त्रीण बाय. रोजच फोन करता. बिचाऱ्येक घरात बोलूक कोण नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुका सांगू नको म्हणालली. पण माझ्या पोटात रवणा नाय. तिका दोन वर्षा वाढवून मिळतली होती. त्या कुंकवाच्या कागदार सही केल्यान ना, म्हणान गेली. साहेबान तिका आधीच सांगितल्यान होता, फायलीत तुमचा नाव इला तर वाढ गेली. तरी केल्यान."

मी चप्पल घातली आणि निघालो. दोन चाळी, तीन जिने. बारा वर्षांत मी त्यांच्या दारात कधी गेलो नव्हतो. दार उघडंच होतं. मॅडम खिडकीत बसल्या होत्या, फोन कानाला. मला बघून म्हणाल्या, "ठेवतंय गे. तुझो झील इलो."

मी दारातच उभा राहिलो. सगळं बोलायचं ठरवून आलो होतो, त्यातलं एकच निघालं. "ताई, तुमची दोन वर्षं."

"आईने सांगितलं वाटतं. तिच्या पोटात काही राहत नाही." त्यांनी खुर्ची पुढे केली. "तुझी पुढची वीस गेली असती, सुधाकर."

"पण चूक माझी होती. तुम्हाला माझा राग यायला हवा होता."

"आला होता ना. पहिली पाच मिनिटं मला तुझा गळा धरावासा वाटत होता." त्यांनी फोन खिडकीत ठेवला. "मग तू गाऱ्हाणं म्हणून दाखवलंस. माझा देवावर विश्वास नाही, तुला माहीतच आहे. पण माझी आई गेल्यापासून माझं नाव घेऊन कुणी कुठे काही मागितलं नव्हतं रे. तू पाच माणसांत उभा राहून मागितलंस. मोठ्याने. सुनंदा मेस्त्री म्हणून."

त्या उठल्या, माझ्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवलं, आणि दोन कप धुवायला घेतले. ते दोन कप त्या बराच वेळ धूत होत्या.